चपला काढण्याआधी

झेरॉक्सवाल्या पालने विचारलं, खाली पट्ट्या किती कापू?
मी म्हटलं, बारा.
बारा उभ्या पट्ट्या, झालरीसारख्या,
प्रत्येकीवर माझाच नंबर.
वर लिहिलं: गणित, विज्ञान. सहावी ते दहावी. घरी येऊन.
मग 'शुल्क' असं लिहून
पेन बराच वेळ तिथेच टेकवून ठेवलं.
शाईचा एक ठिपका उमटला, तसाच राहू दिला.

एक चिठ्ठी नई सडकेच्या खांबावर,
एक कंपूतल्या पिठाच्या गिरणीत,
आणि एक दौलतगंजला, समाजाच्या हॉलमधल्या फळ्यावर,
उपवर मुलींच्या यादीला खेटून.
आठ दिवसांनी पाहिलं तर
तिथल्या तीन पट्ट्या गेल्या होत्या.
त्यातली एक मीच फाडली होती पहिल्या दिवशी,
कारण पहिलं व्हायला कुणी धजत नाही.

लघाटे काकूंचा फोन मराठीत आला.
तू वसुधाची भाची ना? मग काय, घरचीच.
घरचीला चहा मिळाला, बेसनाच्या वड्या मिळाल्या,
ओजसचे अपूर्णांक मिळाले, त्याच्या बहिणीचा भूगोलही,
आणि महिना भरला तेव्हा
हळदीकुंकवातून उरलेला ब्लाउजपीस.
पैशांचं कुणी आधी बोलायचं
हे आमच्या भाषेत ठरलेलंच नव्हतं.

मुरारच्या सिकरवार आंटींनी मात्र
फाटकातच विचारलं, कितना लेती हो?
टेम्पोत बसून सगळ्या रस्ताभर
मी 'एक हज़ार' पाठ करत आले होते.
तोंडून निघालं, जो आप ठीक समझें.
त्यांना ठीक वाटले चारशे.
टेम्पोचे जायचे दहा, यायचे दहा,
महिन्याचे दिवस सव्वीस.
दोन नळ आणि एक गळकी टाकी
मुलांना डोळे मिटून भरून दाखवणारी मी,
हा गुणाकार तिसऱ्या आठवड्यात केला.

वहीच्या मागच्या पानावर मग इतरांचे भाव मांडले.
कोचिंगवाले: वर्षाचे अठरा हजार, एका बाकावर चौघं.
शेजारच्या कुत्र्याला बसायला शिकवणारा: तासाचे तीनशे.
मी: (ही जागा कोरी.)
आमच्या मजल्यावर पोळ्या करणाऱ्या शीलादीदीनं
भिंतीला टेकून ते पान वाचलं
आणि हात पुसत म्हणाली,
पहले दाम बोलो, फिर चप्पल उतारो.

दाल बाजारात, जिन्याच्या वरच्या पायरीवर,
खालून तुरीचा धुरळा वर येत असताना
मी राठौरजींना म्हटलं, पंधरह सौ.
एक विषय. पाँच दिन. पहली तारीख को, एडवांस.
ते म्हणाले, बिटिया तेज़ है, ज़्यादा पढ़ाना नहीं पड़ेगा, बारह.
मागे दारात गिनी उभी होती,
हातात प्रगतिपुस्तक, ऐंशीपैकी अकरा.
मी बोलले नाही.
मनात मूळ संख्या मोजत राहिले,
दोन, तीन, पाच, सात,
त्रेचाळीसपर्यंत आले तेव्हा
ते म्हणाले, चौदह, और इतवार को टेस्ट.
हो म्हटलं.
रविवारचे वेगळे मागायचे राहिलेच,
हे हनुमान चौकात गजक घेताना आठवलं.
तरी अर्धा पाव जास्त घेतली.

आज पुन्हा लघाट्यांच्या दारात उभी आहे.
हिंदीत जे आता सहज येतं
त्याचं मराठी येतानाच जुळवत आले:
काकू, या महिन्यापासून ओजसचे...
'ओजसचे'च्या पुढे जीभ अडते.
आतून कुकरची शिट्टी, काकूंचा आवाज,
अगं, बाहेर काय उभी, आत तरी ये.
ओजस भोलाभाबडा, कंपास वाजवत पुढे आला आहे.

मी चपलेचा बंद
सोडलेला नाही अजून.