सकयल हाड

पहिला रिमोट बोस्त्यांवने कुवेतहून आणला होता.
मागे स्क्रूवर लाल लाखेचा ठिपका,
खाली बारीक अक्षरांत तंबी: उघडू नये.
बिघडला, तेव्हाही आम्ही तो उघडला नाही.
तशी माणसं होतो आम्ही.

हा दुसरा उघडाच आला.
म्हणजे झाकण होतं, पण आतलं अक्षरन् अक्षर
कुणीही वाचावं, खोडावं, पुन्हा लिहावं असं.
पोलंडमधल्या कुणी काठीची थरथर घालवलेली,
ब्राझीलच्या एका दंतवैद्याने मेनू सरळ केलेला,
आणि एका ओळीशेजारी, बिनसहीचा शेरा:
'हे असं का चालतं मला कळत नाही. काढू नका.'
बार्जच्या इंजिनापाशी वीस वर्षं काढली मी.
हा माणूस मला भेटल्यासारखा वाटला.

हा रिमोट बोलतो.
काय बोलायचं ते आपण भरायचं.
आत एक इंग्रजी बाई होती, विमानतळावरची असावी तशी.
सुलक्षा म्हणाली, पपा, हिका धांवडाय, हांव सांगतां.
इयत्ता सहावी. पिळगावचं घर, मागची खोली,
पंखा बंद, आईचा मिक्सर बंद,
दाराच्या फटीला उशी, तिच्या ओठांशी माझा मोबाइल.
एक ते शंभर आकडे म्हटले तिने.
सत्तावन्नला शिंकली. ते तसंच आहे.
इंजिन बंद. सिग्नल कमी. सिग्नल नाही.
आणि शेवटी, मला दटावत:
बॅटरी सोंपत आयल्या. सकयल हाड.

नेमका तेव्हाच नदीतल्या बार्जने भोंगा दिला.
परत घेऊया, म्हणालो.
तिला भूक लागली होती.

मग खाण बंद पडली.
बार्जी सारमानसच्या काठाला बांधून घातल्या,
त्यांच्या पत्र्यावर आधी बगळे, मग गवत,
मग गवतात बगळे.
ज्या डंपाची माती आम्ही वाहिली
त्याच्याच माथ्यावर रविवारी सकाळी आम्ही चौघे
थर्माकोलची विमानं उडवतो.
खाली खाणीत हिरवं पाणी साचलंय.
त्यात पडलं ते गेलं.

सिग्नल तुटला तर विमानाने काय करायचं
तेही आपणच आधी लिहून ठेवायचं असतं.
थ्रॉटल शून्य. सुकाणू किंचित डावीकडे.
म्हणजे लांब जात नाही,
घिरट्या घालत जवळपास उतरतं.

सुलक्षा लिस्बनला आहे.
आजोबांच्या जन्मदाखल्यावर पासपोर्ट निघाला.
आवाज भरलाय तिचा; फोनवर पाच मिनिटं,
मग तिची ट्राम येते.
रिमोट तीन बदलले, आतलं कार्ड तेच.
सहावीतली पोर पट्ट्याने माझ्या गळ्यात असते,
सत्तावन्न टक्क्यांवर शिंकते.

त्या फायली मी सगळ्यांना दिल्या होत्या.
एवढं फुकट घेतलेलं, काहीतरी ठेवायला हवं होतं.
मिरजेहून एका कंपाउंडरने कळवलं,
आमच्या माळावर रोज तुमची मुलगी बोलते.
शेवटच्या वाक्यामागे कसला आवाज आहे? रेल्वे?
मी लिहिलं, बार्ज.
काढून देऊ का? दोन मिनिटांचं काम आहे.
मी बराच वेळ काही लिहिलं नाही.
मग लिहिलं, हे असं का आहे ते मला माहीत आहे.
काढू नका.

आज वारा बरा होता. विमान नदीच्या अंगाला गेलं,
बोटाएवढं, मग नखाएवढं.
सकयल हाड, ती म्हणाली, आणि भोंगा वाजला.
आमच्यात नवा आलेला पोरगा, रुद्रेश,
चटकन वळून नदीकडे बघायला लागला.
मी काठी ओढली, खाली आणलं.
तारेवर आकडा पाहिला.
अजून एक फेरी झाली असती.