ब्लॉक ४१२/ब

चिठ्ठीवर एवढंच : रिजवाना बागवान, चौतीस, मानवत.
दोन्ही टॉन्सिल. नऊ वर्षांचं दुखणं.

बाटलीचं झाकण उघडलं की
फॉर्मलीन आधी माझ्याच घशाला हात घालतं.
एकोणीस वर्षं झाली परभणीच्या या खोलीत.
पंखा लावता येत नाही, काप उडतात.

दोन गाठी, खारकेएवढ्या, रंग गेलेल्या.
एक चिरताना सुरीखाली करकरली.
करकरायला नको होती.

मेणात बसवल्या. पाच मायक्रॉनचे काप
कोमट पाण्यावर सायीसारखे पसरले.
मग रंग, मग आमचं बोअरचं पाणी,
जे किटलीत दगड धरतं, डाळ शिजू देत नाही.
त्याच जड पाण्यात जांभळट लाल
बघता बघता निळं होतं.
पुण्याहून आलेल्या पोराला हे खरं वाटत नव्हतं.

केंद्रे मॅडम डोळा लावून सांगतात, मी लिहिते :
आवरण जाड. पांढऱ्या पेशी आवरणातही शिरलेल्या.
(राखणीला ठेवलेले भिंतीतच राहायला आले,
हे मी लिहीत नाही.)
लसीकापुंज सुजून एकमेकांना टेकलेले.
खाचा तुंबलेल्या, आत मेल्या पेशींचा चुरा, जंतूंचे पुंजके.
मधूनमधून तंतूंचे गुलाबी पट्टे,
जिथं जिथं ताप येऊन गेला तिथं एक.

मग मॅडम थांबल्या. काच सरकवली, परत आणली.
'कुर्चा,' म्हणाल्या.
नाकाच्या पडद्यात असते ती. इथं, घशात,
एक छोटंसं बेट.
म्हणून करकरलं.
इतकी वर्षं सुजून राहिलेलं मऊ मांस
हाड व्हायच्या वाटेला लागतं कधी कधी.
'कर्करोग नाही' ही ओळ मी ठळक केली.

सोमवारी ती स्वतःच आली रिपोर्ट न्यायला.
बाजारात केळी विकते. ओरडायला बंदी,
म्हणून महिनाभर बोटांनी भाव सांगतेय.
'दाखवता का?'
दाखवायचं नसतं. दाखवलं.
एक डोळा मिटायला जमेना, तळहातानं झाकला.
'येवढं निळं? मला वाटलं काळं पडलं आसंल.'

मी तुंबलेली खाच मधोमध आणली.
बराच वेळ बघत राहिली.
'पेव हाय की हे. आज्याच्या आंगणात होतं,
तोंड बारकं, पोट मोठं.
उतरायच्या आधी कंदील सोडायचे.
इझला तर कुणी उतरायचं न्हाई.'
मग, काचेलाच सांगितल्यासारखं,
'नऊ साल सगळे म्हणले, गरम पाणी पी.'

दारातून वळली. 'तुमचा बी आवाज बसलाय, बाई.'
म्हटलं, औषधाचा वास.
तिनं पिशवीतून चार केळी काढली, डाग पडलेली.
'मऊ हायेत. टोचत न्हाईत.'

या खोलीत काही खायचं नसतं.
व्हरांड्यात उभ्यानं एक खाल्लं.
गिळताना डावीकडे जरा थांबलं.
मग गेलं.