सूत तुटलेलं नाही

हत्तुरे डॉक्टरांच्या टेबलावर ती होती,
काड्यापेटीपेक्षा जरा थोराड, गुळगुळीत.
हातात घेऊन बघा, म्हणाले.
मी सवयीनं वजन केलं:
धोट्यातल्या रिकाम्या कांडीएवढं.

ही कमरेखाली, कातडीच्या आत.
हिच्यातून दोन तारा मणक्यात.
तारा झिणझिण्या सोडणार
आणि दुखणं डोक्यापर्यंत पोचायच्या आत
वाटेतच त्याचं बोलणं बुडवणार.
दुखणं जाईल?
दुखणं तिथंच राहील की ओ,
तुम्हाला ऐकू कमी येईल.

बत्तीस वर्षं जॉबर होतो, अक्कलकोट रोडला.
अठ्ठेचाळीस मागांच्या खडखडाटात
कुठल्या मागाचा कुठला नट सैल झालाय
ते चहा पिता पिता सांगायचो.
आणि मला म्हणतायत, कमी ऐका.

फॉर्मवर होतं, शून्य ते दहा.
आईचा शब्द नोप्पी.
डॉक्टर कानडीत नोवु म्हणतात.
मराठीत तर चमक, कळ, ठणका, सणक,
सगळ्यांचे मिळून मी सात लिहिले.
रात्रीचे नऊ लिहायचे राहिले,
तेव्हा जवळ पेन नव्हतं.

मागाला एक काटा असतो.
सूत तुटलं की काटा पडतो, माग थांबतो.
कधी काटाच बिघडतो.
सूत शाबूत, चादर नीट चाललेली,
आणि माग दर दोन मिनिटांनी उभा:
तुटलं, तुटलं.
हे मी डॉक्टरांना सांगितलं.
ते म्हणाले, बरोबर, अगदी असंच.
दोन ऑपरेशनं झाली,
आता चौथ्या-पाचव्या मणक्यात
दुरुस्त करण्यासारखं काही उरलेलं नाही.

पुढचं नाही सांगितलं.
असला काटा मी सुतळीनं बांधून टाकायचो.
माग पळायचा, शेट खूश.
एकदा बांधलेला होता
आणि सूत खरंच तुटलं.
कुणी बघेपर्यंत चार चादरी गेल्या,
प्रत्येक मोराच्या मानेतून आरपार चीर.
शेट म्हणाला, सेकंडमध्ये काढा.

आधी सात दिवस चाचणी.
तारा आत, पेटी बाहेर, पट्ट्याला.
निम्मं दुखणं कमी झालं तर पास.
निम्मं म्हणजे केवढं?
तळ्याच्या काठानं एक चक्कर होईल एवढं?
की गड्ड्यात पोरीच्या पोरीला पाळण्यात बसवून
ती खाली येईस्तोवर उभं राहता येईल एवढं?
किंमत मोटारीएवढी.
विडी घरकुलातलं घर गहाण टाकायचं नाही,
एवढं मात्र ठरलंय.

शंका असतील तर विचारा, म्हणाले.
मी विचारलं, लाईट गेली तर?
हसले. मोबाईलसारखी चार्ज करायची.
राजमणीनं विचारलं,
यांना खाली बसून जेवता येईल का?
दोन वर्षं मी खुर्चीत जेवतोय.
दोन वर्षं ती खाली एकटी.

संध्याकाळी तिनं मांडीवरचं सूप बाजूला केलं,
एक हात भिंतीला, एक कमरेला,
आणि उठताना तोंडातून बारीक आवाज काढला.
सैल नटाचा असतो तसा.
रोज काढत असणार.
मी विचारलं, शून्य ते दहा, किती?
कशाचे? म्हणाली.
सरका, पानं भिजवायचीत.

कागद फडताळात आहे, शेंगाचटणीच्या डब्याखाली.
मंगळवारी कळवायचंय.
रात्री मागच्या शेडमधला एक माग थांबला,
बाकीचे चालूच.
कुणीतरी बघायला गेलं असेल, चपला वाजल्या.
तो पुन्हा सुरू होईस्तोवर
मी कूस बदलली नाही.