तिथीचा रकाना

गौरवग्रंथासाठी चार पानं मागितलीत,
सोबत छापील नमुना: जन्म, पदव्या, शोधनिबंध, मानसन्मान,
आणि तळाला एक ओळ, प्रभाव, आकड्यांत.

आकडे काढून ठेवलेत, बाई.
एकसष्ट निबंध. चौदा पीएच.डी.,
आणि एक अर्धवट, ती माझी.
पस्तीस वर्षं, तीस पेशींवर.

तीसच. कुर्लीच्या जठरावर, रक्तवाहिनीच्या आत
तांदळाच्या कणीएवढा गोळा.
पोटात दात असलेला प्राणी, तुम्ही पहिल्या तासाला सांगायचात,
आणि त्या दातांना ताल देणारी ही तीस माणसं.
पेशी नाही म्हणायचात. माणसं.

वेंगुर्ला बंदर, बर्फाच्या कारखान्यामागच्या दोन खोल्या.
थंड खारं पाणी, काचेची बशी,
तीत तो गोळा एकटा.
कुर्ली केव्हाच संपलेली,
तिचा रस्सा दुपारी आमच्याच डब्यात,
आणि पडद्यावर तिचं चर्वण अजून चाललेलं:
टक, टकटक, थांब.
टक, टकटक, थांब.
रात्रभर, न मिळालेल्या घासाचं.

पहिला मोठा निबंध: एकाच जातीत दोन लयी,
एक भरदार, एक तुटक.
जगानं उचलून धरला. तीनशे बारा वेळा उद्धृत.
कुणी त्यावरून स्वभावाचा सिद्धांत मांडला,
कुणी तो माणसाच्या झोपेपर्यंत नेला.

मग एका सकाळी रोहिदास खवणेकर
टोपली दारात उतरवून, विडी कानावर,
तुमचे दोन आलेख मान वाकडी करून बघत म्हणाला,
"बाईनू, ही आवसेची, ही पुनवेची.
पुनवेक कुर्ली पोकळच गावता.
तुमी इचारलासच नाय."

विचारलं नव्हतं.
आठ वर्षांच्या वह्यांत तापमान होतं, वजन, क्षारता, नर-मादी.
चंद्र नव्हता.

त्या संध्याकाळी तुम्ही चहा घेतला नाहीत.
पुढले चौदा महिने टोपल्या पुन्हा तपासल्या,
कात टाकलेल्या, न टाकलेल्या, तिथीवार.
मग दीड पानाची दुरुस्ती,
स्वतःच्या नावावर स्वतःच्या हातानं मारलेली काट,
आणि शेवटी आभार: रोहिदास खवणेकर, मच्छीमार,
ज्यांना हे आधीपासून माहीत होतं.
संपादक म्हणाले, हे शेवटचं वाक्य काढा.
तुम्ही निबंधच काढून घेतलात, दुसरीकडे पाठवलात.

दुरुस्ती नऊ वेळा उद्धृत. त्यातली चार तुमचीच.
जुना निबंध अजून चालतोय.
"चूक कुर्लीसारखी असते रे, आडवी चालते,
समोर उभं राहून अडवता येत नाही."

माझा प्रबंध दोन लयींवर होता.
तीन प्रकरणं टंकून झालेली.
राग तुमच्यावर काढला, होता तो रोहिदासवर.
आता सावंतवाडीत बारावीला जीवशास्त्र शिकवतो.
पोटात दात असलेला प्राणी, पहिल्या तासाला सांगतो.

गेल्या आठवड्यात तुमच्या नावचं एक पत्र
संस्थेनं माझ्याकडे धाडलं. बर्गेनहून, एका मुलीचं.
तुमच्या विद्यार्थ्याची विद्यार्थिनी, तिची ही विद्यार्थिनी.
गार समुद्र, खेकडा निराळ्या जातीचा,
वहीची आखणी मात्र हातोहात उतरत आलेली:
तापमान, वजन, क्षारता, नर-मादी,
आणि पाचवा रकाना, रोमन लिपीत, तिथी.
ती रोज भरते. ढग असले तर तक्ता बघून.
विचारते, हा तिथी कोण?
कुणी जुना शास्त्रज्ञ का?

छापील नमुन्यात याला जागा नाही.
रोहिदासला जाऊन अकरा वर्षं झाली,
तुम्हाला हल्ली ऐकू कमी येतं.
मुलीला उत्तर अजून लिहिलेलं नाही.

आज चतुर्दशी, वद्य.
उद्या बाजारात टोपल्या येतील, जड.
उद्या लिहितो.