अडीच तास

अडीच हा शब्द मला फार आवडला.
आमच्याकडे दोन आणि वर अर्धा असं म्हणावं लागतं,
इथे एका घासात होतं.
बातांगासला आई माझ्यापुढे अडीच तास असते.
करावे गावात मी चहा टाकते
तेव्हा तिचा दुपारचा भात निवत आलेला,
मी रात्रीची मालिका लावते
तेव्हा ती मच्छरदाणीत.
म्हणजे माझा प्रत्येक दिवस
तिने आधी वापरून बघितलेला.

मराठी मी टीव्हीवर शिकले.
सात ते दहा, सासूबाईंशेजारी फरशीवर बसून,
भिजवलेले वाल सोलत.
कुणी कुणाच्या कानाखाली वाजवली
की एक क्रियापद पक्कं व्हायचं.
त्यामुळे पहिले काही महिने
कोळंबीवालीशी घासाघीस करताना मी म्हणायचे,
"हा अपमान मी मरेपर्यंत विसरणार नाही."
ती बिचारी मूठभर जास्त टाकायची.
मग कळलं, सासूबाई ते मराठी बोलतच नाहीत.
टीव्ही म्हणतो मासळी, त्या म्हणतात मासली.
मी दोन्ही म्हणते,
समोर कोण आहे ते बघून.

रिक्षावाले विचारतात, मणिपूर? नेपाळ?
एकाने दार्जिलिंग म्हटलं
आणि मी हो म्हणून टाकलं, सिग्नल सुटला होता.
मग सीवूड्सपासून नेरूळपर्यंत
तो चहाच्या मळ्यांचं विचारत राहिला
आणि मी सांगत राहिले.
थंडी असते. धुकं असतं. उतारावर शाळा होती आमची.
मी तिथे कधी गेलेली नाही.
पण आता ती शाळा मला थोडी आठवते.

लग्नात ताटातल्या तांदळात
अंगठीने माझं नाव लिहिलं, मयूरी.
मारीविक कुणाच्या जिभेवर बसत नव्हतं.
सगळे फोटो काढत होते,
मी बघत होते ते तांदूळ जातात कुठे.
परत डब्यात गेले.
आठवडाभरात आम्ही ते नाव खाल्लं असणार.

जितेश सध्या सुएझच्या रांगेत उभा आहे.
जहाजावर अकरा फिलिपिनो,
आचारीही आमच्याच बाजूचा.
तो तिथे माझ्या आईसारखं चिंचेचं आंबट खातो,
मी इथे त्याच्या आईचं.
फोनवर आम्ही जेवणाशिवाय फारसं बोलत नाही.

मी ओठांनी दिशा दाखवते.
आमच्याकडे सगळेच दाखवतात, बोट कोण उचलणार.
सासूबाईंना आधी वाटलं, सून वेडावते.
आता त्या रिमोट कुठे विचारतात
आणि माझ्या ओठांच्या रोखाने सोफ्याखाली बघतात.
परवा त्यांनीच शेजारच्या बेबीबायला
ओठ काढून तिची चप्पल दाखवली.
बेबीबाय दोन दिवस आली नाही.

आणि हो, तो मग.
आल्याच्या पहिल्या रात्री न्हाणीत
बादलीच्या काठाला लटकलेला लाल प्लॅस्टिकचा मग.
आमच्याकडे त्याला ताबो म्हणतात.
त्याआधी दोन वर्षं दुबईत मी
एका गुळगुळीत बाथरूममध्ये परकी होते.
मी तो उचलून धरला, पाणी भरलं, ओतलं,
परत भरलं.
बाहेरून सासूबाई म्हणाल्या, पाणी जपून गो.

काल आईला झोप नव्हती,
वादळाने तिच्याकडची वीज गेलेली.
अंधारातून तिचा फोन आला, नेमका मालिकेच्या वेळी.
मी कॅमेरा टीव्हीकडे वळवला.
एक शब्द न कळता आई पाच मिनिटं बघत होती.
मग म्हणाली, ती हिरव्या साडीतली,
ती त्या मुलाची खरी आई आहे ना?
मी मराठीत सांगितलं.
सासूबाईंच्या हातातला वाल सालीतच राहिला.
चार महिने आम्ही रोज बघतोय,
हे आमच्या डोक्यात नव्हतं.

जाहिराती लागल्या.
त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला,
काळ्या पडद्यावरच्या त्या आवाजाकडे बघितलं,
भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं,
आणि फोन परत देत म्हणाल्या,
"ती पुढं हाय ना आपल्या?
मंग इचार गो तिला, काय झाला फुडं."