तेरावं नाणं

लग्न कुणाचंही असो, डबी माझ्याकडून जाते.
बिस्किटांची, पत्र्याची, झाकणाला पोचा आलेली.
आत मखमलीचा तुकडा, तुकड्यात तेरा नाणी.
समार बेटाच्या या काठावर
मला सगळे निनांग ट्रोपिंग म्हणतात.
निनांग म्हणजे धर्ममाता.
आजवर एकोणचाळीस जोडप्यांची झाले.

रोडेल काल तिन्हीसांजेला आला डबी न्यायला.
मोजता मोजता थांबला.
“निनांग, हे नाणं नाहीये.”
शिशाचा गोळा होता तो,
जाळ्याच्या काठाला ओवतात तसला,
हातोडीनं ठोकून चपटा केलेला.

सांगितलं मग त्याला.
बारा नाणी बारा महिन्यांची,
घरात दाणापाणी टिकावं म्हणून.
तेरावं, दारात येईल त्या गरिबाचं.
वादळाच्या वर्षी छप्पर उडालं, पोरीला ताप चढला,
मी तेरावं गहाण टाकलं आणि औषध आणलं.
त्या वर्षी दारात आलेला गरीब
मीच होते.

तो हसला नाही.
डबी शर्टाच्या आत धरून गेला.

(कास्तोरचं मी काढलं नाही.
त्यानंही हीच नाणी माझ्या ओंजळीत ओतली होती,
माझं ते सगळं तुझं, म्हणाला होता.
मग जहाजावर चढला.
तीन नाताळ पत्रं आली, चौथ्याला काही नाही.
संसाराचे तीन तेरा,
आणि डबीत तेव्हा नाणी मात्र बरोबर तेरा.)

आज देवळात उकाडा.
मिस्सा सुरू झाली, दोन्हीकडच्या मेणबत्त्या पेटल्या
आणि पंख्याच्या झोतानं डावीकडची विझली.
नवरीकडची.
म्हाताऱ्यांनी एकदम श्वास आत ओढला.
जिच्या बाजूची विझते ती आधी जाते,
असं आमच्यात बोलतात.
कुणीतरी पंख्याकडे धावलं, कुणी काडेपेटी शोधू लागलं.
ग्लोरिफे उठली, झग्याचा घोळ मुठीत धरून,
आपली मेणबत्ती उचलली,
त्याच्या ज्योतीला टेकवली,
परत जागेवर ठेवून गुडघे टेकले.
फादर ओनेसिमोंनी पान उलटलं.

नाणी ओतायची वेळ आली.
बारा खणखणली.
तेरावं पडलं नुसतं, थप्प,
पिकलेला पेरू मातीत पडावा तसं.
मागच्या बाकापर्यंत कुणाला कळलं नसेल.
तिनं मूठ मिटली.

मग ओढणी: तिच्या डोक्यावर, त्याच्या खांद्यावर,
एकाच कापडाची दोन टोकं, टाचण्यांनी टाचलेली.
मग दोरी, त्याच्या मामानं वळलेली,
इंग्रजी आठासारखी दोघांच्या गळ्यात.
तीनपदरी आहे, फादर म्हणाले,
एक पदर हा, एक पदर ही, तिसरा देवाचा.
माझा एक पदर समुद्रानं नेला.
उरलेल्या दोघांत
मी पोरगी वाढवली, भाताचे हप्ते फेडले,
आणि रात्री जपमाळेचे मणी मोजताना
कधी कधी भांडलेसुद्धा, मोठ्यानं.
तिसऱ्या पदरानं उलट उत्तर दिलं नाही.
सुटलाही नाही.

शेवटी ग्लोरिफे एकटीच
बाजूच्या वेदीकडे गेली, मरियामातेपुढे,
हातातली मोगऱ्याची फुलं ठेवायला.
बराच वेळ वाकून होती.
फोटोवाला चुळबुळला.
डुक्कर भाजल्याचा वास तोवर देवळात शिरला होता
आणि पोरं दारापाशी सरकायला लागली होती.

रात्री डबी परत आली, वर केळीच्या पानात भात.
मोजली. बारा.
पुन्हा मोजली, दिव्याखाली धरून. बारा.
मखमल झटकली.
झोप लागली नाही, उगाच सांगत नाही.

सकाळी देवळाचा झाडूवाला कुंपणापाशी उभा,
तळहातावर शिशाचा चपटा तुकडा,
त्याला मोगऱ्याची एक पाकळी चिकटलेली.
“निनांग, मातेच्या पायाशी सापडलं, फुलांत.
कुणाच्या जाळ्याचं सुटलं, बघा जरा.”

बघते, म्हटलं.
पुढच्या शनिवारी आणखी एक लग्न आहे.
पाकळी तशीच राहू दिली.