मसाची जागा

विजापुराहून उस्ताद आला तेव्हा
सोलापूरच्या कोटात दगड हाताला चटके देत होते,
तळं एकेक पायरी सोडत खाली चाललेलं.
पातशाही हुकूम होता:
गडोगडच्या किल्लेदारांच्या तसबिरी हव्यात, हुबेहूब.
कोण कुठं म्हातारा होत चाललाय
ते पातशहा तिथं बसून बघणार.

मी इरण्णा, रंग खलणारा.
काजळ, हिंगूळ, बाभळीचा डिंक.
पाणी किती, ते उस्ताद जिभेला लावून सांगायचा.
कुंचला खारीच्या शेपटीचा,
टोकाला एकच केस.

साहेब तीन दिवस बसले, एका कडेला तोंड करून.
पहिल्या दिवशी हात तलवारीवर,
दुसऱ्या दिवशी गुडघ्यावर,
तिसऱ्या दिवशी डोळाच लागला.
उस्तादानं पापणीची सूज धरली,
मानेच्या वळ्या,
कानाच्या पाळीखालचा मस, मुगाएवढा,
वर एक पांढरा केस.

साहेब बघत राहिले.
“ही माशी कशाला बसवलीय? पुसा.”
“हुकूम हुबेहूबचा आहे, हुजूर.”
“विजापूर तीस कोस लांब. मी इथं आहे.”

ओल्या कापसानं मस निघाला.
कागद तेवढ्यात फुगला.
अकीकानं घोटघोट घोटला मी,
तरी उजेडाला धरला की
दिसायचीच जागा.

जाताना उस्तादानं एक चिठोरं दिलं,
रंग तपासायचं. कडेनं निळे-हिरवे ठिपके
आणि मधे साहेब, झोपलेले,
ओठ जरा उघडा,
मसासकट.
“कुणी मागितल्याशिवाय दाखवू नको.”

आठ वर्षं ते बुरुजाच्या भेगेत होतं.

साहेब गेले. कलबुर्ग्याहून लेक आली, माहबानू.
दिवाणखान्यातली तसबीर तिच्यापुढं धरली.
“छान आहे,” म्हणाली. “कोण हे?”

सगळे गप्प.
मी बुरुजाकडं गेलो.

चिठोरं तिनं मांडीवर घेतलं
आणि अंगठा त्या मसावर ठेवून
हळूहळू फिरवायला लागली,
जसं पोरं झोप येईस्तोवर
काहीतरी चाळवत राहतात.
दुपार कलली.
कारकून खाकरला, “बाईसाहेब, रंग निघेल.”
“निघू दे. इरण्णा भरून देईल.”

मी जन्मात कधी रेघ ओढली नव्हती.
खल पुढं ओढला,
काजळात थेंबभर पाणी टाकलं,
आणि जिभेला लावून बघितलं.